शेवटून उघडलेलं पुस्तक

माझी धाकटी जाऊ संध्याकाळी मोठ्या बायकांना इंग्रजी वाचायला शिकवायची. मुलांची शाळा सुटली की त्यांच्याच वर्गात, बुटक्या बाकांवर गुडघे मुडपून बायका बसत. एका वर्षी नवं वाचनपुस्तक आलं. गुळगुळीत कागद, देखणी चित्रं. मी चाळलं आणि म्हटलं, "सोपं आहे की."

"तुम्ही कॉन्व्हेंटमधल्या, जाऊबाई. तुम्हाला काय."

पहिलाच धडा समुद्रकिनाऱ्यावरच्या सहलीचा. त्यातली दीपगृहं, भरती-ओहोटी आणि शंखशिंपले यांनी वर्ग पार बुडवला. बायका गळू लागल्या. शिवणकाम करणारी एक हुशार बाई होती, तीही "माझं डोकं गंजलं" म्हणून यायची थांबली. अशीच गळती राहिली तर सत्र संपताच वर्ग बंद, असं मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं.

जाऊ त्रागा करत बसली नाही. सासूबाईंना दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतं इंग्रजी येई. त्या मटार सोलायला बसल्या की ही समोर बसून धडा वाची. शब्द अडला की सासूबाईंनी एक शेंग न सोलता बाजूला टाकायची. सहलीच्या धड्याला अर्ध्या पानातच ढीग झाला.

"अगं, आज जेवायचं काय?" सासूबाई म्हणाल्या. "आणि हे शब्द एकदा तोंड दाखवतात, पुन्हा फिरकत नाहीत. कशाला लक्षात ठेवायचे?"

शेवटाकडच्या वाणसामानाच्या धड्याला मात्र जेमतेम चार शेंगा पडल्या. तेच शब्द फिरून फिरून येत होते. झालं, जावेनं ढिगांप्रमाणे धड्यांचा क्रम लावला आणि शिवणवालीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"एकच धडा बघते," शिवणवाली म्हणाली. "नाही जमला तर पुन्हा बोलवायचं नाही."

जमला. मग दुसरा जमला. बाकं भरू लागली. तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई तपासणीला आल्या. मी त्या दिवशी मागे बसले होते.

"पुस्तक शेवटून शिकवता?"

"माझ्या बायकांसाठी ते तिथून सुरू होतं, बाई."

बाईंनी न शिकवलेलं पान काढून शिवणवालीपुढे ठेवलं. ती सावकाश वाचू लागली. एका शब्दाला अडखळली. बाई सांगायला गेल्या, तर शिवणवाली म्हणाली, "थांबा, सांगू नका." पुढची ओळ वाचून मागे आली आणि अर्थ बरोबर लावला. बाईंनी तिला पान संपवू दिलं. वर्ग राहिला.

समुद्रकिनारा सत्राच्या अगदी शेवटी आला. याच धड्यापायी आपण वर्ग सोडला होता, हे शिवणवालीच्या ध्यानीही नव्हतं. तिनं तो घडाघडा वाचला आणि जावेकडे रागानंच पाहिलं. "एवढा सोपा धडा? पहिल्यांदा का नाही घेतला?"

"राहून गेला खरा," जाऊ म्हणाली.