बूट शिवणाऱ्याचा निकाल

अल क्वोजमधल्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर बसून मी गेली सात वर्षं वेल्समधली जुनी वर्तमानपत्रं दुरुस्त करतो. गावात कुणाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग विचारतो, ते ठीक आहे, पण काम काय करतोस? काम हेच. पिवळी पडलेली पानं तिकडे स्कॅन होतात, मशीन ती वाचतं, आणि वाचताना जिथे जिथे माती खातं तिथे माणूस लागतो. खालच्या मजल्यावर संगमरवराच्या लाद्या कापतात. करवतीचा आवाज थांबला की जेवणाची सुट्टी झाली असं समजायचं.

दुबईत आलो तेव्हा साइटवर स्टोअरकीपर होतो. टायपिंग बरं आणि इंग्रजी पक्कं, म्हणून इथे घेतलं. इथे सगळे कानात हेडफोन घालून बसतात. शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी माझं सात वर्षांत झालेलं बोलणं एका पोस्टकार्डावर मावेल. खोलीवर आम्ही चौघे आहोत, पण पाळ्या वेगळ्या, एक उठतो तेव्हा दुसरा घोरत असतो. एकटेपणा म्हणजे आजूबाजूला माणसं नसणं, असं मला पूर्वी वाटायचं. इथे माणसं भरपूर आहेत.

पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला जो गठ्ठा आला तो निवडणुकांचा होता. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याची अखेरची वर्षं, आणि वेल्समध्ये पहिल्यांदाच कौंटी कौन्सिलं निवडून यायची होती. म्हणजे आपली जिल्हा परिषदच म्हणा, रस्ते, पूल, असली कामं. त्याआधी हा कारभार तिथले बडे जमीनदार आपसात बसून करायचे. त्यांना कोणी निवडून दिलेलं नव्हतं. आता त्यांचीच कुळं कागदावर फुली मारून दुसऱ्या कुणाला तिथे बसवू शकणार होती. पानंच्या पानं नावांची. कुठे शेतकरी उभा, कुठे किराणा दुकानदार. आणि मधूनच एखाद्या नावापुढे नुसतं ‘बिनविरोध’. का कोण जाणे, मशीनला तो शब्द कधी धड वाचता आला नाही, त्यामुळे त्या गठ्ठ्यातला प्रत्येक बिनविरोध मी हाताने टाइप केलेला आहे.

रोज जेवणाच्या सुट्टीत मी घरी फोन करायचो. तेव्हा तिकडे अडीच वाजलेले असायचे. बायकोची भांडी झालेली, आई जरा पडलेली, मुलगी कॉलेजसाठी रत्नागिरीला हॉस्टेलवर. बोलायला काय असणार? जेवलात का, जेवलो, तू, झालं, आईची गोळी, दिली. चार मिनिटांत आम्ही दोघं संपायचो. उरलेली सुट्टी मला खायला उठायची. म्हणून मी तिला वेल्सच्या निवडणुका सांगायला लागलो.

खरं तर एकाच माणसाची गोष्ट सांगत होतो. डोंगरातल्या एका वस्तीतला बूट शिवणारा, जमीनदाराच्या मुलाविरुद्ध उभा राहिलेला. बातमीदार जमीनदाराच्या बाजूचा होता. त्याने बूट शिवणाऱ्याची मनसोक्त टिंगल केली होती, पण टिंगल करता करता त्याचं सगळं भाषण छापून बसला होता. शाळेच्या खोलीत उभा राहून हा गडी म्हणाला होता की, तुम्ही ज्या रस्त्याने चालता त्याने झिजलेले बूट माझ्याकडे येतात, तेव्हा या रस्त्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त कुणाला कळतं ते सांगा. हे ऐकून बायको एवढी हसली की आई उठून विचारायला लागली. त्या दिवसापासून ती फोन उचलला की आधी विचारायची, “तुमच्या चपलेवाल्याचं काय?”

मीही हात आखडता घेतला नाही. एक पान दोन-तीन दिवस पुरवायचो. एकदा तिने विचारलं, “त्यात बायका नव्हत्या का हो?”

“मत होतं काहींना. ज्यांच्या स्वतःच्या नावावर घर होतं त्यांना. विधवा, बिनलग्नाच्या, अशा. उभं नाही राहता यायचं.”

“मग आपल्याकडे बरंय की,” ती म्हणाली, आणि मी ते कानाआड केलं.

माझा गठ्ठा निकालाच्या आधीच संपला. पुढचे अंक दुसऱ्या कुणाच्या गठ्ठ्यात गेले. बायको विचारत राहिली, मी अजून कळलं नाही म्हणत राहिलो. दोनेक महिन्यांनी तिचं विचारणं थंडावलं. एक दिवस तीन मिनिटं होतात न होतात तोच ती म्हणाली, “ठेवते मग.” माझ्यासमोर डबा उघडा होता, आणि जेवणाची सगळी सुट्टी शिल्लक होती. मी म्हणालो, “अगं थांब, चपलेवाला जिंकला.”

ती थांबली. कसा जिंकला, लोक काय म्हणाले, जमीनदाराच्या पोराचं तोंड कसं झालं, सगळं मी रचून सांगितलं. इतकं छान बोलणं आमचं लग्नानंतर क्वचितच झालं असेल. फोन ठेवला तेव्हा डबा गार झाला होता.

त्याच वर्षी आमच्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमचा वॉर्ड महिला राखीव निघाला. आमच्या वॉर्डात मतदान झालेलं मला आठवत नाही. खोतांच्या ओटीवर बैठक बसते, नाव ठरतं, नारळ फुटतो. वॉर्ड राखीव निघाला तर खोतांच्याच घरातली एखादी सून. त्या वर्षीही धाकट्या सुनेचं नाव ठरलेलं होतं.

“मी फॉर्म भरला,” बायको फोनवर म्हणाली. तिने हे आईच्या गोळीनंतर सांगितलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोलीवर गेल्या गेल्या मी ड्रायव्हरला सांगितलं. आमच्या खोलीवरचा हा ड्रायव्हर खाडीपलीकडच्या मुसलमान वाडीतला, आमच्याच वॉर्डातला. तो म्हणाला, “हबीबी, म्हणजे तू आता मेंबरणीचा नवरा. इन्शाल्ला पार्टी होणार.” मी दोन दिवस त्याच तोऱ्यात होतो.

तिसऱ्या दिवशी खोतांचा फोन आला. घरातले थोरले, सगळा गाव त्यांना काका म्हणतो. फोन बायकोला नाही, मला, दुबईला.

“अरे, तुझ्या घरून फॉर्म आलाय,” ते म्हणाले. “मी म्हटलं, तुला ठाऊक नसेल. बाईमाणसाला कुणीतरी भरीस घातलं असणार.”

“असेल काका,” मी म्हणालो. भरीस घालणारा मीच होतो.

“गावाचा रिवाज तुला माहीत आहे. मी काही म्हणत नाही. परवा तुझ्या आईला खुर्चीत बसवून रस्त्यावर नेली ना डॉक्टरकडे, आमच्या बागेतनं? नेत जा हो. वाट काय, तुमचीच आहे.”

आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत दुसरी वाट नाही. पलीकडून गेलं तर ओढा आणि चढ, आईला तिथून नेणं शक्य नव्हतं. काकांनी एकही शब्द वावगा उच्चारला नाही. फोन ठेवताना तब्येतीला जप म्हणाले.

मी लगेच घरी फोन लावला. मला भीती वाटली होती, आणि ती लपवायला मी आवाज चढवला.

“फॉर्म मागे घे.”

“खोतांचा फोन आला?”

“हो.”

“मला नाही केला.”

“आईला न्यायची वाट त्यांच्या बागेतून जाते.”

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “नेते मीच.”

मी म्हणालो, गावाशी वाकडं घेऊन चालत नाही, मी इथे बसलोय, उद्या काही झालं तर कोण धावणार. हे सगळं खरं होतं.

“तो चपलेवाला जिंकला ना?” तिने विचारलं.

“जिंकला. पण ते वेल्स.”

“बरं,” ती म्हणाली.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी ती एसटीने तहसील कचेरीत गेली आणि तीनच्या आत सही करून आली. खोतांची सून बिनविरोध आली. काकांनी मला मेसेज केला, समजूतदारपणाबद्दल आभार. तो मी कुणाला दाखवला नाही.

त्यानंतर बायको माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. जेवलात का, जेवलो, आईची गोळी, दिली. मी दुसऱ्या गोष्टी सांगून पाहिल्या, बोटी बुडालेल्या, मेंढ्या चोरीला गेलेल्या, एका पाद्र्याची मोठी गंमत. ती हूं हूं करायची. चपलेवाल्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. वेल्सचं सगळं काम पुढे पुरं झालं, सगळे अंक कोणालाही बघता येतील असे खुले झाले. मला वाटलं असतं तर पाच मिनिटांत निकाल शोधता आला असता. मी शोधला नाही. आई मधल्या काळात गेली. मी पोचलो तेव्हा लोक परतत होते, खोतांच्या बागेतूनच.

पाच वर्षं गेली. परवाच्या शुक्रवारी ड्रायव्हर पाळीवरून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, “भाई, वहिनींचा प्रचार जोरात आहे हां. माझ्या साल्याने फोटो टाकला ग्रुपवर. ये देख, आमच्या वाडीत घरोघर फिरतायत.”

मी फोटो पाहिला. निळी छत्री, हातात पत्रकं, आणि बायको कुणाशी तरी बोलता बोलता हसत होती.

“तुला माहीत नाय?” त्याने विचारलं.

“माहीत आहे,” मी म्हणालो.

वॉर्ड या वेळी राखीवही नव्हता. म्हणजे ती थेट खोतांच्या मुलासमोर उभी होती. मी ठरवलं, काकांचा फोन आला की सांगायचं, काका, फॉर्म तिचा आहे, तिच्याशी बोला. वाक्य घोटून घोटून पाठ केलं. दुपारी फोन टेबलावर उताणा ठेवून बसलो. शनिवार गेला, सोमवार गेला. मग ड्रायव्हरकडूनच कळलं की अर्ज मागे घ्यायचा दिवस केव्हाच होऊन गेला, आणि काका स्वतः बायकोच्या दारात येऊन गेले. चहा घेऊन परत गेले. मला विचारायची या वेळी कुणाला गरज वाटली नव्हती.

मंगळवारी मी कामावर असताना तो अंक शोधून काढला. निकालाचं पान डागाळलेलं होतं, पण वाचता येत होतं. जेवणाच्या सुट्टीत घरी फोन लावला. मागे माणसांची गडबड ऐकू येत होती.

“चपलेवाला हरला,” मी म्हणालो. “आज पाहिलं. मी तेव्हा खोटं बोललो होतो.”

“ठाऊक होतं मला.”

“कधीपासून?”

“तेव्हाच. दोन महिने तुम्हाला काही कळत नव्हतं, आणि मी ठेवते म्हटलं की लगेच जिंकला.”

“मग फॉर्म का भरला होतास?”

“तुम्ही रोज त्याचं इतकं कौतुक सांगत होतात. मला वाटलं, तुम्हाला आवडेल.”

खाली करवत पुन्हा सुरू झाली. मी विचारलं, “आणि या वेळी?”

“या वेळी मला भरायचा होता.”

मागून कुणीतरी तिला हाक मारली. ती म्हणाली, ठेवते. तिला थांबवायला या वेळी माझ्याकडे काहीच नव्हतं.