पास्कल मास्तरची ओंजळ

पास्कल गेल्याची बातमी मला मोबाइलवर आली, तीही लॅटिनमध्ये. चर्चच्या ग्रुपवर माझ्या नातवानं, अँथनीनं, दोन ओळी टाकल्या होत्या. त्यातलं पास्कल हे नाव तेवढं मला कळलं. खाली सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. त्यांनाही तेवढंच कळलं असणार. अनसिंगच्या पलीकडच्या आमच्या वस्तीला ज्यानं मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, मराठीत गायला शिकवली, ढोलकी चर्चच्या देवळात आणली, त्याच्या मरणाची खबर त्याच्या बायकोला वाचता येणार नाही अशा भाषेत फिरली...

अँथनी नागपूरहून इंजिनिअर होऊन आला आणि येताना यूट्यूबवर जुना, लॅटिनमधला धर्म शिकून आला. आता बैलही सावली सोडत नाहीत अशा उन्हात तो आणि त्याचे मित्र लांब काळे झगे घालून वेदीशी उभे राहतात. पोरी ऑनलाइन मागवलेली जाळीची ओढणी डोक्यावर घेतात; आजीचा पदर यांनाच मागासलेला वाटायचा. आणि ख्रिस्तप्रसाद, मिस्सेतली ती पवित्र भाकर, हातावर घेणं म्हणजे यांना अनादर. तो जिभेवरच, गुडघे टेकूनच. पास्कल त्यांना एकदा देवळाच्या पायरीवर बसून म्हणाला होता, "माया आज्याच्या वंजळीत लोकं वरून पानी टाकत, भांड्याले हात लावू देत नसत. त्याच वंजळीत देव आला बाप्पा. अन् तुमी सांगून राह्यले का हात लावू नका?" अँथनी हसून म्हणाला, "मास्तर, हा जातीचा विषय नाही, परंपरेचा आहे." ज्यांच्या आज्यांनी एका परंपरेपायी मिशनचं दार गाठलं, त्यांच्या नातवांनी दुसरी परंपरा शोधून डोकं टेकायची सोय केली.

पण आम्हीही काही शहाणे नव्हतो. रोममधून नवे नियम आले, लॅटिन जाऊन मराठी आली, तेव्हा आम्ही विशीत होतो आणि जुन्यांची कीव करण्यात आमचा हात कोणी धरला नसता. वेदीपुढचा सागवानी कठडा, ज्याच्याशी लोक गुडघे टेकत, तो पास्कलनं आणि मी मिळून उपटला. त्यानं त्याचं बकऱ्यांना कुंपण केलं. त्याची आई जपमाळ घेऊन त्या कुंपणाशीच गुडघे टेकू लागली. "माय, बकऱ्याइले मिस्सा आयकवून राह्यली का?" असं तो विचारायचा आणि मी पोट धरून हसायचो. ती माळ संपवायची, बकऱ्यांना पाला टाकायची आणि घरात जायची.

मला नोंदवायचं आहे ते पुढचं. शेवटच्या काही महिन्यांत पास्कल प्रसाद जिभेवर घेऊ लागला. अँथनीच्या टोळीत आनंद झाला. मास्तर वळला म्हणाले. मी त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसून चहा बशीत ओतत होता आणि अर्धा चहा धोतरावर सांडत होता.

"पायलं न?" तो म्हणाला. "असा हात हलते. प्रसाद खाली पडला त काय करू? म्हणून तोंड उघडतो."

"मग सांगून दे पोट्ट्याइले."

"मी सांगन त म्हणतीन, म्हातारा बहाने करून राह्यला. मी मेल्यावर तू सांगजो. तुया नातू हाय, तुयं आयकन."

मी हो म्हणालो. हो म्हणायला मला कधीच कष्ट पडले नाहीत.

दफनाच्या दिवशी ढोलकी त्याच्या घरात खुंटीला टांगलेली राहिली. स्पीकरवर कुठल्यातरी परदेशी मठातलं गाणं लावलं होतं. मग अँथनी पुढे आला आणि म्हणाला, "मास्तरांनी अखेरीस आपली चूक ओळखली, तोंड उघडून प्रभूला स्वीकारलं." पास्कलच्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पायाखालची माती पाहत राहिलो. बाया कौतुकानं म्हणत होत्या, कोणाचा नातू हो हा, किती छान बोलते... आणि त्या कौतुकात मला वाटा हवा होता. लाचारीला एवढी किंमत पुरते.

तर लिहून देतो. पास्कल वळला नव्हता. त्याचा हात थरथरत होता.

आता पोरांनी तो कठडा बकऱ्यांपासून सोडवून आणला आहे, पॉलिश करून वेदीपुढे बसवला आहे आणि त्याला वारसा म्हणतात. गेल्या रविवारी मी त्या कठड्याशी गेलो. सगळे गुडघ्यांवर होते. मी उभा राहिलो. पॉलिशखाली बकऱ्यांच्या दातांचे खड्डे अंगठ्याला लागले. पास्कलच्या आईनं जिथं हात ठेवला असेल, तिथंच कुठंतरी. प्रसाद पडला तर झेलायला अँथनीनं माझ्या हनुवटीखाली थाळी धरली आणि पुटपुटला, "आबा, तोंड उघडा."

मी कठडा सोडला आणि पास्कलनं शिकवल्यासारखी ओंजळ पुढे केली. तीही हलत होती. फादर थांबले. मी तोंड मिटून उभा राहिलो.