थोरल्या गार्डांचा हातोडा

सुप्याच्या अख्ख्या रानात माणसाला शहाणं करता करता इतका गोंधळात टाकणारा गुरू दुसरा झाला नसेल. आमचे जंगलखात्यातले थोरले गार्ड सकाळी धाकट्या भावाला सांगावं तसं म्हणायचे, “तम्मा, नोकरीत पाऊल जपून टाकावं.” दुपारी त्याच पायवाटेवर ओरडायचे, “जपून काय चालतोस? जळवा चढल्या बघ पायावर!” साहेब पुढे असला तर आपण मागे राहावं आणि मागे असला तर झाडाआड, हा त्यांचा नोकरीतला मुख्य उपदेश. “आणि अण्णा, दोन साहेब असले तर?” मी विचारलं. “तर आजारी पड.” सरकारी बूट झिजू नयेत म्हणून ते खांद्यावर टाकून अनवाणी हिंडत. एकदा वळणावर साहेब अचानक उगवले, तर यांनी बूट घालायच्या घाईत हातातल्या बुटासकट सलाम ठोकला. बढती मागू नये म्हणत, आणि न मागणारा मूर्ख असंही म्हणत. मी नवा गार्ड, दोन्हीला मान डोलवायचो.

तोडायच्या झाडावर आपला नंबर उठवायचा त्यांचा हातोडा मात्र ते कुणाला देत नसत. “बायको माहेरी धाडावी, हातोडा न्हाई!” असं मला शंभरदा बजावलेलं. आणि एका श्रावणात तापाने फणफणले तेव्हा तोच हातोडा माझ्या हाती देऊन म्हणाले, “नाल्याअलीकडं मार. पलीकडं जाऊ नको.”

मी पलीकडे गेलो. तिथे एक प्रचंड झाड दिसलं, सरळसोट. माझी हुशारी दाखवायची म्हणून ठोका मारला. ते नंदिगड्ड्याच्या लोकांचं मधाचं झाड होतं. दरवर्षी त्यावर पन्नास-साठ पोळी लागत. पावसात माश्या निघून जात, म्हणून मला ते रिकामं दिसलं. दिवाळीनंतर माश्या परतल्या तेव्हा तिथे खुंट उरला होता. लोक साहेबांपुढे आले. “वर्साचा मध गेला आमचा,” एक म्हातारा म्हणाला आणि खाली बसला.

साहेबांनी खुंटावरचा नंबर वाचून थोरल्या गार्डांकडे पाहिलं. “तुझाच ना हा?”

“व्हय साहेब. हातोडा माझा हाय,” थोरले गार्ड म्हणाले.

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, पुढे झालो नाही. बायको पहिलटकरीण होती, असं मी मनाला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते कारण पुरत नाही. त्यांना काढलं, आणि त्यांची जागा मला मिळाली.

पुष्कळ वर्षांनी त्यांच्या गावी गेलो. ते शेताचा बांध घालत होते. “अण्णा, ते झाड मी...”

“कुठलं झाड?”

“मधाचं. नाल्यापलीकडचं.”

“लई झाडं पाडली रं आपण. चल, जेवून जा.”

जेवताना सांगायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी पानात भात वाढला. मला माफ केलं होतं, की खरोखर विसरले होते, की हातोडा दिला तिथेच चूक आपली असं ते धरून बसले होते, मला अजून उलगडलेलं नाही. यंदा ते गेल्याचा निरोप आला. आता विचारायला कुणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. त्या झाडावर ठोका मी मारला होता.