दारावर निकानोरच हवा

बुएनोस आयर्सच्या बोएदो भागातल्या त्या सातमजली इमारतीत कोण कुणाशी अबोला धरून आहे, कुणाची मावशी ‘चार दिवसांसाठी’ येऊन वर्षभर राहिली आहे, हे सगळं निकानोर लेदेस्माला ठाऊक. एकतीस वर्षं तो तिथला दरवान. सकाळी दारावरचं पितळ घासायचं, फुटपाथ धुवायचा आणि धुता धुता चार घरांची खबर इकडची तिकडे करायची. पगारासोबत तळमजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. म्हणजे नोकरी गेली की घरही गेलं.

आणि ती जायचीच वेळ आली होती. सोमवारी संध्याकाळी फ्लॅटमालकांची सभा होती, विषय एकच: निकानोरला काढून दारात कॅमेऱ्याचं यंत्र बसवायचं. बेल वाजली की दूरच्या कुठल्याशा कचेरीतला माणूस पडद्यावर तोंड बघून दार उघडणार. टूम काढली होती चौथ्या मजल्यावरच्या सुलेमाबाईंनी. निकानोरच्या बायकोची, रामोनाची, झोप उडाली होती.

सभेच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, वस्तीतल्या थिएटरात एक भुताचा सिनेमा लागला. त्याचं शूटिंग याच इमारतीत झालेलं. आपला जिना पडद्यावर बघायचा म्हणून मंडळी नटूनथटून गेली, निकानोरही गेला.

पण सिनेमावाल्यांनी आपल्या गोष्टीत दरवान ठेवलाच नव्हता! दारात यंत्र. एक मेलेली बाई बेल दाबायची, कचेरीतल्या माणसाला पडद्यावर नुसता रिकामा फुटपाथ दिसायचा, बेल बिघडली समजून तो दार उघडायचा, आणि बाई निवांत एकेक मजला चढायची.

घरी परतल्यावर लिफ्टमध्ये एकटं शिरायला कुणी तयार होईना. “निकानोर, जरा वर येतोस? माझा दिवा गेल्यासारखा वाटतोय.” अशा सात चकरा झाल्या. दिवा एकाचाही गेलेला नव्हता.

सोमवारी व्यवस्थापक बेरार्दी कागद घेऊन उठला. “यंत्र चोवीस तास जागं असतं...”

“जागं असून दिसतंय कुठे मेल्याला!” सुलेमाबाई कडाडल्या.

“अहो बाई, तो सिनेमा होता. आणि यंत्र तुम्हालाच हवं होतं.”

“तेव्हा मी सिनेमा बघितला नव्हता! निकानोर, तू सांग. तसली बाई दारात आली तर काय करशील?”

निकानोरनं डोकं खाजवलं. “आधी विचारीन, कुणाकडे जायचंय. मग, त्यांनी बोलावलंय का. मग गाव कुठलं, नवरा काय करतो, मुलं किती...”

“पुरे! ती तिथूनच पळेल,” पाचव्या मजल्यावरचे म्हातारे अन्सेल्मो म्हणाले. “माझी मेहुणी नाही का पळाली!”

हसता हसताच हात वर झाले. सगळे. बेरार्दीनं कागदाची घडी करून खिशात घातली.

निकानोर खोलीत आला. “राहिलो. सिनेमानं वाचवलं,” एवढंच म्हणाला. रामोना मटकन खुर्चीत बसली. मग हसली, थोडी रडली, पुन्हा हसली.

“एवढा भयंकर होता सिनेमा?”

“मला काय माहीत? मी सुरुवातीपासून डोळे घट्ट मिटून बसलो होतो,” निकानोर म्हणाला. “बरं, ऐक ना... तळघरातला पंप बंद करायचाय. तेवढी चल माझ्याबरोबर. आणि पुढे तू हो.”