यादीत नसलेलं घर

समस्त नागरिकांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की आमच्या घरी पिठाची चक्की नाही. पूर्वी नव्हती, आज नाही, आणि सरकारकडून येण्याचा संभव आता उरलेला नाही. आमच्या गल्लीत चार चक्क्या उतरल्या, त्या काळातही आमच्या दारासमोर टेम्पो थांबला नाही. सदर बाब नगरपंचायतीच्या निवडणुकीत निर्णायक ठरल्यामुळे ती जाहीर करणे मी माझे कर्तव्य समजतो.

आता साध्या भाषेत सांगतो. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं. सेलूच्या अलीकडे की पलीकडे ते सांगत नाही, कारण सांगितलं तर अर्धं गाव माझ्या दुकानात जाब विचारायला येईल आणि एक चमचाही विकत घेणार नाही. भांड्यांचं दुकान आहे माझं. शिवाय वीस वर्षांपासून मी पार्टीचा कार्यकर्ता आहे. कार्यकर्ता म्हणजे सभेआधी सतरंज्या टाकणारा, सभेनंतर त्याच झटकणारा, आणि मधल्या वेळात माईकमध्ये 'हॅलो, हॅलो' करून माईक चालू असल्याची जनतेला खात्री देणारा.

माझा शेजारी हाही तेवढाच जुना कार्यकर्ता. सतरंजीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. पण त्या माणसाला एक देणगी आहे. कोणी मोबाईल वर केला की तो पुढाऱ्याच्या उजव्या खांद्यामागे उगवतो. कधी, कसा, ते मला वीस वर्षांत समजलं नाही. पार्टीचे सगळे जुने फोटो काढून बघा, प्रत्येकात त्याचा चेहरा आहे, केस विंचरलेले आहेत. माझं एका फोटोत कोपर आहे. ते माझंच आहे हे मी शर्टावरून ओळखलं.

त्यामुळे आमचा प्रभाग बायांसाठी राखीव झाला आणि पार्टीचं तिकीट त्याच्या बायकोला न मिळता माझ्या बायकोला मिळालं, तेव्हा देव आहे असं मला पहिल्यांदा वाटलं. शेजाऱ्यानं आठ दिवस माझ्याशी राम राम केला नाही. ते आठ दिवस मी फार सुखात काढले. सकाळी उठून मुद्दाम त्याच्या ओट्यासमोर ब्रश करत उभा राहायचो.

मग घोटाळा फुटला.

गरजू बायांसाठी घरगुती पिठाच्या चक्क्या आल्या होत्या. आमच्या पुढाऱ्यानं त्या गुपचूप आपल्याच माणसांच्या घरी पोचवल्या होत्या. कोणीतरी ती यादी व्हॉट्सॲपवर टाकली. मतदानाला पंधरा दिवस उरले असताना, सकाळच्या चहाच्या वेळेला ती प्रत्येक घरात पोचली.

खोटं कशाला बोलू, मला आधी संताप आला नाही. मी आधी शोधलं. बायकोचं नाव सरळ शोधलं, सापडलं नाही. मग माहेरच्या आडनावानं शोधलं. मग म्हटलं, टायपिंग करणाऱ्यानं चूक केली असेल, म्हणून तिच्या नावासारख्या दिसणाऱ्या प्रत्येक नावाखाली नवऱ्याचं नाव तपासलं. शेवटी माझी मेलेली आई पण शोधली, कारण सरकारी यादीत काहीही होऊ शकतं. आमच्या घरचं जिवंत किंवा मेलेलं कोणी त्या यादीत नव्हतं. शेजाऱ्याची बायको मात्र पहिल्याच पानावर होती.

तेव्हा कुठे मला भ्रष्टाचाराचा भयंकर संताप आला.

आता यादीतल्या लोकांची तारांबळ पाहण्यासारखी होती. ज्यांच्या घरी चक्की होती, ते सगळे ती नसल्याचं नाटक करायला लागले. कोणी तिच्यावर गोधडी टाकून वर देव मांडले. कोणी न्हाणीत ठेवली. आणि गावच्या जुन्या गिरणीवर, जिथे गेलं वर्षभर चार माणसं दिसत नव्हती, तिथे डबे घेऊन रांग लागली. शेजारी तर माझ्याच दुकानात आला आणि दळणासाठी सगळ्यात मोठा, चकचकीत डबा मागितला. गिरणीपर्यंत तो डबा खांद्यावरून, मुख्य रस्त्यानं, पुन्हा पुन्हा थांबून नेता यावा एवढा मोठा. वरून म्हणाला, भाऊ, घरच्या माणसाले काही कमी करा. मी कमी केलं नाही.

पण सांगतो, त्याच्या डब्यात गहू असतील की नुसताच कोंडा, या विचारानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. त्याच्या स्वयंपाकघरात मोटर लावलेली, बटन दाबलं की दळणारी चक्की आहे आणि ती फुकट आहे, हे मी दर पोळीबरोबर चावत होतो.

पार्टीची बैठक झाली. पुढारी हबकला नव्हता, पण त्याचा रुमाल सारखा कपाळावर जात होता. त्याचं म्हणणं असं पडलं की गावात आपल्यावर चिखल उडाला आहे, तर आता स्वच्छ माणूस पुढे करा. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. यादीत नाव नसलेली उमेदवारांची घरं मोजकीच होती, आणि त्यांत जुन्या कार्यकर्त्याचं घर माझं एकट्याचं. वीस वर्षांत पहिल्यांदा मला बसायला पुढची खुर्ची मिळाली, आणि ती कशासाठी मिळाली हे कळल्यावर तिच्यात बसवेना.

ठरलं असं, की माझ्या बायकोनं रोज गिरणीच्या रांगेत उभं राहायचं. हातात डबा. पदर नीट. कोणी विचारलं तर म्हणायचं, आमच्या घरी चक्की नाही, आम्ही जनतेसारखेच. मी त्याचं पत्रकसुद्धा लिहिलं. 'रांगेतली आपली बहीण' असं त्याचं मथळ्याचं वाक्य होतं. छापून आलं तेव्हा मी ते स्वतःच तीनदा वाचलं आणि दोनदा गहिवरलो.

पहिल्या दिवशी मी गिरणीसमोरच्या टपरीवर जाऊन बसलो, जनतेच्या डोळ्यांत आदर कसा दाटून येतो ते पाहायला. बाया तिला जागा देत होत्या, हे खरं. पण त्यांच्या नजरेत आदर नव्हता. लग्न न जमलेल्या पोरीकडे पाहतात तशी ती नजर होती. एका म्हातारीनं तिचा डबा उचलून पाहिला, खाली ठेवला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "काऊन व बाई, स्वतःच्या घरी चक्की नाई आनू शकली तू, आमच्या वार्डात नाली काय आनशील?"

रांगेतल्या सगळ्या माना हलल्या. माझ्या हातातला चहा थंड झाला.

मग मी टपऱ्यांवर, दुकानात, पानठेल्यावर कान लावून फिरलो. जिथे जावं तिथे तेच. सुरुवात 'चोर आहेत साले' अशी व्हायची आणि दोन घोट झाले की, पण आमच्या बहिणीचं नाव काऊन नाही, तिच्यापेक्षा गरजू कोण आहे, असं सुरू व्हायचं. गावातला प्रत्येक माणूस यादी माझ्यासारखीच वाचत होता. समोरच्या पार्टीवाल्यांनी रिक्षा फिरवून चोरी, चोरी असा घसा कोरडा केला, तर लोक त्यांच्या रिक्षाला थांबवून विचारत होते, तुमी आले तं नवी यादी निघंन का?

चोरीचा राग कोणाला नव्हता असं नाही. पण चोरीच्या वाटणीत आपल्याला कोणी मोजलंच नाही, हा राग त्याच्या वरचा होता. आणि माझी बायको त्या न मोजलेल्यांची जाहिरात होऊन रांगेत उभी होती. तिच्याकडे पाहिलं की लोकांना पार्टीत कोणाला किंमत नाही ते दिसायचं. तिची जागा जाणार हे मला स्पष्ट दिसत होतं.

एका दुपारी दुकान बंद करून जेवायला घरी गेलो तर ती स्वयंपाकघरात खिडकीखाली बसून वितीनं भिंत मोजत होती. एक, दोन, तीन. मला पाहून थांबली. मी विचारलं, काय मोजतेस? काही नाही म्हणाली. पण तिथलं तांदळाचं पिंप सरकवून ठेवलं होतं आणि खालची फरशी पुसलेली होती. तिनं मला वाढलं. मी अर्धी भाकर खाल्ल्यावर ती पलीकडे बघत म्हणाली, "चक्क्या वाटून राह्यले हे मले तेव्हाच समजलं होतं. तुमी पार्टीत हाव, तं आपल्या घरी येईनच, असं वाटलं मले."

भाकर उरलेली होती, ती खाल्ली.

वीस वर्षं मी घरी येऊन पुढाऱ्यानं मला काय विचारलं, मी त्याला काय सुनावलं, हे रंगवून सांगत आलो होतो. शेजाऱ्याचा हेवा मला आयुष्यभर वाटला, पण त्या दुपारी जो वाटला तसा कधी नाही. त्याच्या बायकोनं नुसतं सांगितलं असेल, चक्की पाहिजे. आणि ती आली असेल.

आता निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. आमची पार्टी गावात सपाटून आपटली. जे पडले त्यांच्यातले बहुतेक यादीतले होते, पण यादीत नसलेलेही पडले. एकटी माझी बायको निवडून आली, थोड्याच मतांनी. पार्टीच्या जाणत्या लोकांनी याचं श्रेय माझ्या पत्रकाला दिलं. मी मान खाली घालून ते स्वीकारलं. वर्ध्याच्या एका पेपरवाल्यानं 'स्वच्छ प्रतिमेचा विजय' असं छापलं. ते कात्रण दुकानात काचेखाली आहे.

खरं कारण शेवटच्या कोपरा सभेत घडलं. संध्याकाळ होती, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, हातपंपाजवळ. सतरंज्या मी आणि शेजाऱ्यानंच टाकल्या, एकमेकांकडे न बघता. पुढारी मधल्या खुर्चीत, त्याच्या उजव्या खांद्यामागे शेजारी, आणि माईकसमोर माझी बायको. हातात मी लिहून दिलेलं भाषण. 'हे विरोधकांचे षडयंत्र आहे' इथपर्यंत ती बरी आली. मी समोर सतरंजीवर बसून ओठ हलवत होतो. तेवढ्यात बांगड्या विकणारी एक बाई मागून उठून उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "ते राहू द्या बाई. तुमच्या घरी टेम्पो आला असता, तं चक्की वापस केली असती का तुमी?"

पुढाऱ्यानं उत्तर ऐकण्याआधीच टाळीसाठी हात वर आणून ठेवले. मी बोटानं कागदावरची ओळ दाखवत होतो, जनसेवा हेच आमचे दळण. बायकोनं कागदाकडे पाहिलं. मग शेजाऱ्याकडे पाहिलं. मग कागदाची घडी करून कमरेला खोचली, माईक दांड्यावरून काढून हातात घेतला आणि पुढाऱ्याकडे बोट करून म्हणाली,

"वापस काऊन करू? हार घालून घरात घेतली असती मी. देलीच नाई ना मले याइनं!"