तात्यांनी उचललेला भंडारा

"म्या खोटं बोललो न्हाय गं... पण ते खरं नव्हतं." तात्या, म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते, असं म्हणाले तेव्हा मी कॉलेजात होते. परवा सोलापुरात गादी भरून घ्यायला गेले आणि ते वाक्य पुन्हा आठवलं...

गोष्ट रझाकारीतली, आमच्या अणदूरची. निजामाविरुद्ध काम करणारी गावातली पोरं ओढ्यात लपून राहायची. एके दिवशी रझाकार आले आणि त्यातल्या दोघांना धरून घेऊन गेले.

कुणी सांगितलं? तात्यांनी त्याच दिवशी कासिम पिंजाऱ्याला रझाकारांशी बोलताना पाहिलं होतं... लांबून. कासिम त्यांचा जिवाभावाचा मित्र, तरी त्यांची खात्री पटली. खंडोबापुढं बेल-भंडारा उचलून ते म्हणाले, "कासिमनंच दाखवून दिलं."

आमच्याकडं भंडारा उचलून शपथ घेतली की पुढं चौकशी नसते. कासिमभाईसुद्धा खंडोबाला मानायचे. ते एवढंच म्हणाले, "तू भंडारा उचललास दोस्ता, आता म्या काय बोलू?" कापूस पिंजायची कमान खांद्यावर टाकली आणि बायकोपोरांना घेऊन गाव सोडून सोलापूर गाठलं.

निजामाचं राज्य गेल्यावर धरून नेलेले ते दोघे तुरुंगातून सुटून आले. म्हणाले, रझाकार वाटभर कासिमलाच शिव्या देत होते. त्यानं त्यांना मुद्दाम तुळजापूरच्या चुकीच्या वाटेला लावलं नसतं, तर सगळीच पोरं सापडली असती...

तात्यांनी पुढं जन्मभर भंडाऱ्याला हात लावला नाही. पण सोलापूरला जाऊन मित्राला शोधायचं धाडसही त्यांना झालं नाही.

परवा गादीच्या दुकानातल्या शबानानं माझं गाव विचारलं, मग घराणं. सांगितल्यावर ती हसलीच. "अय्यो, म्हणजे तुम्ही भंडारावाले!" कासिमभाई तिचे आजोबा, तिचे दादा.

कापूस भरता भरता ती म्हणाली, "दादा शेवटपर्यंत एकच म्हणायचे... त्यानं मला एकदा विचारायचं तरी होतं."

तात्यांना इतकी खात्री होती, की विचारायची गरजच वाटली नाही...

शबाना, तू ही पोस्ट वाचशील. चंपाषष्ठीला अणदूरला येशील? जिथं भंडारा उचलला, तिथंच सगळ्या गावासमोर मला तुझ्या आजोबांचं खरं सांगायचंय, आणि तेव्हा तू तिथं हवीस. "त्या गावात आमच्यातलं कुणी पाय ठेवणार नाही," असं मी निघताना तू म्हणालीस, ते मी विसरलेले नाही... तरी ये.