क्योचानचा न धुतलेला शर्ट

यासुएसान एकतीस वर्षं फुटबॉल क्लबचे कपडे धूत आल्या आहेत. चिखल आधी गार पाण्यात सोडवायचा, मग कॉलरला आणि मोज्यांना हाताने साबणाची वडी घासायची, मशीन त्यानंतर. आपल्या हातून मळका कपडा बाहेर जात नाही, एवढीच काय ती त्यांची मिजास.

नेझु क्योइचीचे मोजेही त्यांनीच धुतले. सतराव्या वर्षी तो या बंदरगावात खेळायला आला, तेव्हा त्या मोज्यांना उन्हात विसरलेल्या मासळीचा वास यायचा. पुढे तो जर्मनीत गेला, राष्ट्रीय संघातून गोल मारले, आणि आता चहाच्या बाटलीवर, बँकेच्या दारावर, डासांच्या अगरबत्तीवर तोच दात दाखवतो. सगळ्या गावाचा 'क्योचान'! दारात सायकल लावली म्हणून ज्या नूडलवाल्याने त्याला हाकललं होतं, तोही आता छाती फुगवून सांगतो, "माझ्याच हातचं खाऊन मोठा झाला होऽऽ!" यासुएसानना शिसारी येते.

निरोपाचा सामना क्योचान इथेच खेळला, भर पावसात. दुसऱ्या सकाळी त्याचा पांढरा शर्ट वेगळ्या पिशवीत आला. वर चिकटवलेली चिठ्ठी: 'धुऊ नये.' पाठोपाठ क्लबच्या प्रसिद्धी विभागाचे ओबुचीसान, दर वाक्याला कमरेत वाकत.

"यासुएसान, अगदी मनापासून क्षमा मागतो हं, पण हा... असाच... काचेच्या पेटीत. स्टेशनवर! त्याचा घाम, यासुएसान! खाली पाटीवर तुमचं नाव. 'जतन केले: सुगा यासुए'."

"माझं नाव? ह्या घाणीखाली?"

"मानाचं आहे हो!"

"काखेत पिवळं पडलंय. आठवड्यात बुरशी धरेल."

"बुरशीसुद्धा त्याचीच ना!"

ते गेले. यासुएसाननी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली, सोलून काढली आणि शर्ट भिजत घातला.

संध्याकाळी न्यायला आलेल्या ओबुचीसानना लख्ख शर्ट बघून घेरीच आली. मग यासुएसाननी खिडकीतून पाहिलं: टाय खांद्यावर टाकून ते कचेरीमागच्या फुलांच्या वाफ्यात तोच शर्ट चोळत होते. त्या वाफ्यात गल्लीतली सगळी मांजरं सकाळचं उरकतात.

पेटीच्या उद्घाटनाला स्टेशनवर ही गर्दी! पेटी अजून उघडीच होती. एक बाई नाक जवळ नेऊन, डोळे मिटून म्हणाली, "येतोय... त्याचा वास येतोय!"

महापौर यासुएसानपुढे वाकले. "हा न धुण्याचा संयम..." आणि त्यांच्या तोंडापुढे माईक धरला.

"मी धुतला," यासुएसान म्हणाल्या. "दोनदा. कॉलर तीनदा. हा चिखल कचेरीमागच्या वाफ्यातला आहे. तिथे मांजरं बसतात. माझं नाव काढा."

ओबुचीसान वाकले ते वाकलेलेच राहिले. त्या बाईने रुमालाने नाक पुसलं, पुन्हा पुसलं. मग हळूच पुढे सरकली.

"आणि ते... धुतल्याचं पाणी? कुठे ओतलंत हो?"

यासुएसाननी नखाने पाटी उचकटली, खिशात घातली आणि चालू लागल्या. मागे कुणीतरी विचारत होतं, क्लबचं गटार नेमकं कुठल्या बाजूला आहे.